तळ्यातला भुंगेरा, मातीतला जिवाणू आणि तुमचं पावसाळ्यातलं काम : कीटकनाशक विभागाला खुलं पत्र

मा. कीटकनाशक अधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसंच विभाग कार्यालयांतले कीटकनाशक आणि उद्यान खात्यांचे सर्व सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी प्राणिशास्त्राची शिक्षिका आहे. मुंबईतली उरलीसुरली तळी, विहिरी आणि पाणथळ कोपरे यांच्याविषयी तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर देणं मला भाग आहे.

एखाद्या जुन्या तळ्याचा काठ बांधायला निघतो, किंवा तळं ‘स्वच्छ’ करायचं ठरतं, तेव्हा आमच्यासारखी माणसं तिथल्या किड्यांची बाजू घेतात. मग कुणीतरी हमखास विचारतं : पाण्यातला भुंगेरा वाचवायचा, तर मातीतला जिवाणू का नाही? चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. इमारतीचा पाया खणताना ते मरतात, त्यांच्यासाठी कुणी अर्ज करत नाही. तोही जीव आणि हाही जीव, मग हा पंक्तिप्रपंच कशासाठी? बहुतेक वेळा हे समोरच्याला गप्प करण्यासाठी विचारलं जातं. तरीही प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर नीट शोधलं, तर डासांविरुद्धच्या तुमच्या कामाची आखणीच थोडी बदलावी लागेल असं मला वाटतं.

जिवाणू कुठला घ्यायचा? तुमच्या खात्याला माहीत असलेलाच घेऊ. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजे बीटीआय. त्याचं मूळ कुळ, बीटी, १९०१ साली जपानमध्ये रेशमाच्या मरणाऱ्या अळ्यांमध्ये सापडलं. १९११ साली जर्मनीत बर्लिनर या संशोधकांना ते पिठातल्या पतंगाच्या अळ्यांमध्ये पुन्हा मिळालं आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. आपल्या शेतकऱ्यांना २००२ पासून ‘बीटी कापूस’ माहीत आहे, तो याच कुळातल्या जनुकांवर उभा आहे. डासांच्या अळ्यांवर चालणारा वाण मात्र १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडला.

हा जिवाणू उपासमारीच्या काळात बीजाणू, म्हणजे कवचातलं सुप्त रूप, तयार करतो आणि त्याच्या शेजारी प्रथिनांचे स्फटिक साठवतो. डासाची अळी पाणी गाळून खाते, त्यात हे स्फटिक तिच्या पोटात जातात. तिच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असल्यामुळे ते विरघळतात, तिचीच पाचकद्रव्यं त्यांतलं विष मोकळं करतात आणि ते विष आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं. अळी तासाभरात खाणं सोडते आणि साधारण दिवसभरात मरते. माणसाला, माशाला, बेडकाला आणि पाणभुंगेऱ्याला या मात्रेत त्याचा त्रास होत नाही. डासांच्या जवळच्या नात्यातल्या काही न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्यांना मात्र होऊ शकतो, हेही लपवायला नको. देशाच्या कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात मान्य असलेल्या अळीनाशकांत तो आहे. इतकं नेमकं काम करणारं दुसरं साधन आपल्या हाती क्वचितच आलं असेल. मातीतल्या जिवाणूंचं आपल्यावर ऋण मोठं आहे. क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली मातीतल्याच एका जिवाणूपासून मिळालं. आपल्या पिंपरीच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हमायसिन हे बुरशीनाशक औषध तयार झालं. तेव्हा जिवाणूला कमी लेखून मी भुंगेऱ्याची बाजू मांडणार नाही.

आता भुंगेरा. युरोपातल्या डायटिस्कस लॅटिसिमसचं उदाहरण घेते, कारण त्याचा अभ्यास झालेला आहे. लांबी जवळजवळ ४४ मिलिमीटर, युरोपातल्या पाणबुड्या भुंगेऱ्यांत सर्वांत मोठा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, तो १९९६ पासून ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे आणि युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे. पश्चिम युरोपातल्या पुष्कळ भागांतून तो नाहीसा झाला. त्याला मोठं, निवळ, ऊन पोचणारं आणि काठाला वनस्पती असलेलं तळं लागतं. त्याची अळी मुख्यतः एकाच प्रकारची शिकार खाते : काड्याकचऱ्याचं घरटं अंगावर वागवणाऱ्या कॅडिसमाशीच्या अळ्या. लाटव्हियातल्या एका प्राणिसंग्रहालयात या भुंगेऱ्याची पैदास करण्यात आली, तेव्हा अळ्यांना हेच खाद्य पुरवावं लागलं.

पाणबुड्या भुंगेऱ्यांच्या जीवनक्रमाकडे जरा बारकाईने पाहा, कारण तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. पुष्कळ जातींची मादी पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी शिकारी असते. तिचे जबडे कोयत्यासारखे वाकलेले आणि आतून पोकळ असतात. ती भक्ष्यात पाचकरस सोडते आणि विरघळलेलं मांस शोषून घेते. लहान जातींच्या अळ्या डासांच्या अळ्यांचा मोठा फडशा पाडतात. वाढ पूर्ण झाली की अळी पाणी सोडून काठावर येते, ओल्या मातीत स्वतःभोवती एक पोकळी कोरते आणि तिथे कोष करते. कोषातून निघालेला भुंगेरा पुन्हा पाण्यात उतरतो. मोठा झाल्यावरही त्याला हवेतच श्वास घ्यावा लागतो. पोटाचं टोक पृष्ठभागाला लावून तो पंखांच्या कठीण झाकणाखाली हवा भरून घेतो आणि ती घेऊन बुडी मारतो. तळं आटलं की रात्री उडत दुसरं पाणी शोधतो, आणि शोधतो तो मुख्यतः पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशाच्या खुणेवरून. गाड्यांचे काळे चकचकीत टप आणि काचेच्या भिंती तसाच प्रकाश फेकतात, म्हणून पाणकीटक त्यांवर येऊन आपटतात.

याच कुळातले सिबिस्टर वंशातले मोठे भुंगेरे आपल्याकडे आहेत. त्यांच्याहून लहान जातीही आहेत. त्यांतल्या किती धोक्यात आहेत? पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांचं आययूसीएनचं मोठं मूल्यांकन २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यात मासे होते, गोगलगायी आणि शिंपले होते, चतुर होते, पाणवनस्पती होत्या. भुंगेरे नव्हते. ज्याची मोजणीच झाली नाही त्याला यादीत जागा मिळत नाही, आणि यादीत नाही म्हणून बांधकामाच्या आराखड्यात त्याचा विचार होत नाही. मला या पत्रात जास्तीत जास्त चिंता याचीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लाल यादीत जिवाणू का नसतात? ते कुणाला नकोसे आहेत म्हणून नव्हे. त्या यादीचे निकष प्रौढ जीवांची संख्या, पिढीचा काळ, प्रदेशाचा आकार आणि संख्येतली घट मोजतात. भुंगेऱ्याला हे सगळं लागू पडतं. जिवाणूत प्रौढ कोण? एकाचे दोन झाले, तर आईबाप कोण आणि पिल्लू कोण? जातीची रेषाही तिथे भुंगेऱ्यासारखी आखता येत नाही. भुंगेऱ्यांत नरमादीची जोडी जमते की नाही, प्रजननक्षम संतती होते की नाही, यावरून बरंच कळतं. जिवाणूंत साधारण ९५ टक्के जनुकसंच जुळला की एक जात मानायची, असा व्यवहार आहे. वर ते एकमेकांना जनुकं देतात-घेतात. आपल्या बीटीआयचंच पाहा. विषाच्या स्फटिकांची जनुकं त्याच्या मुख्य गुणसूत्रात नसून प्लाझ्मिड नावाच्या वेगळ्या डीएनएच्या वर्तुळावर असतात. ते प्लाझ्मिड गेलं, तर तो मातीत सर्वत्र असणाऱ्या बॅसिलस सीरियसपासून वेगळा ओळखणं जवळजवळ अशक्य होतं. जिवाणू मेला नाही, वाढतोही आहे, पण आपण ज्याला बीटीआय म्हणत होतो तो उरला नाही. अशा जीवाच्या बाबतीत ‘नामशेष’ कशाला म्हणायचं, हेच आधी ठरवावं लागेल.

आणि बीजाणू. दुष्काळात, पाणी आटल्यावर हा जिवाणू बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं थांबू शकतो. भुंगेऱ्याला थांबता येत नाही. त्याला दर हंगामात पाणी, देठ, भक्ष्य आणि ओला मातीचा काठ या चारही गोष्टी त्याच क्रमाने मिळाव्या लागतात. एक तुटली की त्या तळ्यावरची त्याची पिढी संपते, आणि शेजारी दुसरं तळं नसेल तर कायमची.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंडीगडला दुसरा आहे. तिथे जिवाणू गोठवून, पाणी काढून, काचेच्या कुपीत सीलबंद ठेवतात. वर्षांनी कुपी फोडून पोषक द्रवात घातलं की ते पुन्हा वाढू लागतात. भुंगेऱ्याचा संग्रह म्हणजे टाचणीवर टोचलेलं शरीर. ब्राझीलच्या मेगाडायटीस ड्यूकॅलिस या भुंगेऱ्याची कथा मला यासाठी महत्त्वाची वाटते. १८८२ साली त्याचं वर्णन झालं तेव्हा एकच नमुना होता, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं तो एकच राहिला. पाणबुड्या भुंगेऱ्यांत जगात सर्वांत मोठा म्हणून त्याचं नाव सांगतात. १९९६ साली लाल यादीने त्याला नामशेष ठरवलं. मग २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयातल्या जुन्या साठ्यात त्याचे आणखी नमुने मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. बाहिया प्रांतात, एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले. कुठे शोधायचं एवढं त्यावरून कळलं, ही मोठीच गोष्ट. पण त्या टाचणीवरच्या नमुन्यांतला एकही पाण्यात सोडता येणार नाही. कुपीतला जिवाणू सोडता येतो. भुंगेरा आधी आणि जिवाणू मागून, असा क्रम मी लावते तो या फरकामुळे. भुंगेरा जास्त ‘वरचा’ किंवा जास्त सुंदर आहे म्हणून लावत नाही.

सगळेच जिवाणू असे चिवट आणि सर्वत्र पसरलेले नसतात, हे मान्य करायला हवं. अनेक कीटकांच्या शरीरात असे जिवाणू राहतात की ज्यांना त्या यजमानाबाहेर जगताच येत नाही. मावा किडीतला बुकनेरा हे त्याचं गाजलेलं उदाहरण. असा यजमान संपला की त्याच्या आतला जिवाणूही संपतो, आणि त्याची कुपी कुठेच नसते. म्हणजे ‘जिवाणूला का नाही वाचवत’ असं विचारणाऱ्यांनाही कीटकांच्या बाजूनेच उभं राहावं लागेल. कायद्यालाही हे परकं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही आहेत.

मुंबईत पाण्याची भीती नवी नाही आणि ती निराधारही नव्हती. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला. विहिरी आणि टाक्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास त्यात मुख्य गुन्हेगार ठरला आणि पुढे असंख्य विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही तर त्याआधीपासून बुजत आलेल्या पाण्यांची नावं. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आज आहे, कारण तिच्याशी श्रद्धा जोडलेली आहे. तेव्हाच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. मलेरियाने घरंच्या घरं आजारी पडत होती, आणि २०१० च्या साथीतही आपण तेच पाहिलं.

पण आज डास कुठे वाढतात, हे तुमच्या कर्मचाऱ्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही. डेंग्यूचा एडिस डास पिंपात, टायरमध्ये, ताडपत्रीच्या खोळीत, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये वाढतो. स्टीफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात. क्युलेक्स घाण नाल्यात. या पाण्यांत भुंगेऱ्याला जगता येत नाही, कारण तिथे देठ नाही, ओला काठ नाही, आणि पाणी एक तर फार थोडा काळ टिकतं किंवा सडलेलं असतं. काठाला गवत असलेल्या, मासे-बेडूक-चतुर-भुंगेरे असलेल्या तळ्यात अळ्या जन्मतात, पण त्यांतल्या बहुतेक डास होण्याआधीच कुणाच्या तरी पोटात जातात.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पिंप, टाकी, बांधकाम आणि नाला यांसाठी तुम्ही आज जे करता ते करा, आणखी जोमाने करा. जिवंत तळ्यासाठी वेगळा नियम ठेवा.

तळ्यावर अळीनाशक तेल टाकू नका. तेलाचा थर पाण्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि डासाच्या अळीला श्वास घेऊ देत नाही. पण त्याच पृष्ठभागावर भुंगेराही हवा घ्यायला येतो, आणि त्या थराला दोघांतला फरक कळत नाही. टेमिफॉसचंही तेच. ते मज्जातंतूंवर काम करणारं विष आहे आणि पाण्यातल्या इतर कीटकांनाही मारतं. तळ्यात डासाच्या अळ्या खरोखर सापडल्या, तर तिथे बीटीआय वापरा. पाण्यात त्याचा असर फार दिवस टिकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टाकावं लागतं, खर्च आणि माणसं लागतात, हे मला ठाऊक आहे. पण मुंबईत अशी तळी उरलीत किती? त्यांच्यापुरता तो खर्च महापालिकेला जड नाही. गप्पी मासेही जिथे आधीच शिकारी कीटक आहेत अशा पाण्यात सोडू नका. ते लहान जातींच्या भुंगेऱ्यांच्या कोवळ्या अळ्याही खातात. झाकता न येणारी विहीर किंवा कारंज्याचं टाकं असेल तिथे जरूर सोडा.

उद्यान खात्याला विनंती काठाची. सुशोभीकरणात चारही बाजूंनी दगड आणि काँक्रीट चढतं, तेव्हा पाणी दिसायला पूर्वीसारखंच राहतं, पण कोष करायला माती उरत नाही. फिरायला येणाऱ्यांसाठी तीन बाजू बांधा, एक बाजू मातीची आणि गवताची राहू द्या, आणि ती मे महिन्यात खरवडून ‘साफ’ करू नका. त्या बाजूला रात्रभर झगझगीत दिवेही नकोत.

शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमचे कर्मचारी अळ्या तपासायला पाण्यात पळी बुडवतात. या शहरात वर्षभरात जितक्या पाण्यांत त्यांची पळी जाते, तितक्या पाण्यांत कुठल्याही कीटकतज्ज्ञाचं जाळं गेलेलं नाही. ते आज डासाच्या अळीची नोंद करतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घाला : पळीत भुंगेरा किंवा भुंगेऱ्याची अळी आली का. जात ओळखायची गरज नाही. आली की आली, नाही की नाही, आणि ठिकाण. दोन पावसाळे हे झालं, तर मुंबईतल्या कुठल्या पाण्यात भुंगेरे आहेत याचा पहिला नकाशा महापालिकेच्या नावावर तयार होईल. जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. ही माहिती तिथे नोंदवता येईल, आणि पुढचा काठ बांधायला निघाल तेव्हा ती समोर असेल.

डासाची अळी, चतुराची अळी आणि भुंगेऱ्याची अळी यांतला फरक तासाभरात शिकवता येतो. एडिस आणि क्युलेक्स डासांची अळी पाण्यात वळवळत डोकं खाली करून लटकते, ॲनोफिलिसची पृष्ठभागाला समांतर पडून राहते. भुंगेऱ्याच्या अळीला सहा पाय आणि समोर दोन वाकडे जबडे असतात. विभागवार असे वर्ग मी आणि माझ्या महाविद्यालयातले सहकारी विनामूल्य घेऊ. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाळ्याची धावपळ सुरू होण्याआधी, तुम्ही सांगाल त्या चौकीवर आम्ही नमुन्यांच्या बाटल्या घेऊन येऊ.

कळावे,

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका, मुलुंड